डब्यालाही माप हवे

सरकारी आणि अनुदानित शाळांतील दुपारच्या जेवणाला २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने माप घालून दिले आहे. पहिली ते पाचवीसाठी ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीसाठी ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने. उपाहारगृहांनाही नियम आहेत. साखर, मीठ किंवा मेद जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला २०२०च्या नियमांनुसार मनाई आहे. घरून येणारा डबा मात्र या सगळ्यातून सुटतो.

त्यालाही १२ ग्रॅमचे माप लावून पाहावे. जॅम लावलेले ब्रेडचे दोन स्लाइस चार-पाच ग्रॅमवरच थांबतात. दोन पोळ्यांतून साधारण सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. सोबत वाटीभर मटकीची उसळ किंवा एक उकडलेले अंडे दिले की बेरीज बाराच्या आसपास जाते. उसळीवर लिंबू पिळले तर तिच्यातले लोहही अधिक शोषले जाते.

सकाळच्या शाळेचा डबा घाईतच भरला जातो, म्हणून ब्रेड सोयीचा वाटतो. मोड आलेली मटकी रात्रीच शिजवून फ्रिजमध्ये ठेवली, तर सकाळी फोडणी देऊन चांगली उकळी काढण्यापुरतेच काम उरते.

डबा रिकामा परत आला की घरात समाधान वाटते. त्यावरून मुलाला खाऊ आवडला एवढेच कळते. त्याला काय मिळाले, हे डबा भरतानाच ठरलेले असते.