आकडा कमी, घुमणं कायम!

गणपती, नवरात्र, वराती... उल्हासनगरच्या कॅम्पांपासून अंबरनाथ-बदलापूरपर्यंत डीजे गल्लीत शिरला की खिडक्यांच्या काचा थडथडतात, मांडणीवरची भांडी वाजू लागतात. तरी मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा कधी कधी कमीच दिसतो. मग आपल्या काचा खोटं बोलतात का?

मैत्रिणींनो, गोम मोजण्यात आहे. आपला कान सगळ्या आवाजांना सारखं मानत नाही. बाळाचं रडणं, कुकरची शिट्टी चटकन जाणवते; हळू वाजणारा खोल घुमारा तितका जाणवत नाही. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. त्यावरून ध्वनिमापकात ‘ए’ नावाची चाळणी आली. ती खोल आवाज गाळून कमी भरते.

किती कमी? सेकंदाला ६३ कंपनांचा निव्वळ बेस ८० डेसिबलचा असला, तरी ‘ए’मध्ये तो ५४ च्या आसपास दिसतो! ‘सी’ नावाच्या दुसऱ्या चाळणीत तोच ७९ भरतो. आपले ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ ही मर्यादा ‘ए’चीच आहे.

गाण्यात वरचे सूरही असतात, त्यामुळे रस्त्यावर आकडा चढतोच. पण खिडक्या लावून घेतल्या की वरचे सूर अडतात, बेस मात्र भिंतींतून आत येतो. त्यात ही चाळणी बेतली हळू आवाजांवर. आवाज मोठा झाला की कानाला बेसही जवळजवळ तितकाच लागतो. आजारी सासूबाई, तान्हं बाळ आणि परीक्षेला बसलेली मुलगी यांना गाळलेला आकडा काय कामाचा?

ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर आदेश दिले. जानेवारी २०२५ मध्ये तर तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करा, असं पोलिसांना बजावलं. गल्लीत वाईटपणा नको म्हणून गप्प बसणाऱ्या आपल्यासारख्यांना हा मोठाच आधार.

तेव्हा ‘ए’ची मर्यादा तर पाळून घेऊच. शिवाय ‘सी’चीही नोंद करा, हा आग्रह महिला मंडळांनी धरायला हवा. आणि मंडळाच्या पोरांना नुसतं “आवाज कमी करा” म्हणू नका. “बेस कमी कर रे बाबा,” असं नेमकं सांगा!