फुसका बार

अमेरिकेतल्या मराठी घरांत पिस्तूल हा विषय अजूनही दबक्या आवाजात निघतो. गणपतीची आरती झाली, प्रसाद वाटून झाला, की पुरुषमंडळी मागच्या अंगणात जमतात. घरांचे भाव, मुलांची कॉलेजं, भारताची तिकिटं असं होत होत कोणीतरी हळूच विचारतो, "काय रे, तू घेतलंस का?" आणि मग पुढचा ठरलेला प्रश्न, "कुठलं?"

बाळगावं की बाळगू नये, हा वाद आज नको. मी बाळगतो, आणि न बाळगणाऱ्यांचं म्हणणंही मला पटतं. मला बोलायचंय ते पिस्तुलाबद्दलही नाही, तर त्याच्या पोटातल्या काडतुसांबद्दल. कारण पिस्तूल निवडायला सहा महिने घालवणारा माणूस काडतुसं मात्र दुकानदार देईल ती घेतो, एकदा भरतो आणि विसरून जातो. दिवाळीत लवंगी फुसकी निघाली तर पोरं हसतात. इथे फुसका बार निघाला तर हसायला कोणी उरेलच असं नाही.

काडतूस म्हणजे चार गोष्टी. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. सरावासाठी वापरतात ती बहुधा फुल मेटल जॅकेटची, म्हणजे पूर्ण तांब्याने मढवलेली. ती स्वस्त असते, पण आरपार जाते. स्वसंरक्षणासाठी वापरतात ती हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला खळगा असलेली. ती शरीरात शिरल्यावर पसरते आणि बहुधा तिथेच थांबते. या पसरणाऱ्या गोळीची एक जुनी ओळख आपल्याकडची आहे. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात अशी गोळी बनली, म्हणून तिचं नाव डमडम. १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात तिच्या वापरावर बंदी आली. मग युद्धात नको असलेली गोळी अमेरिकेतले पोलीस आणि नागरिक का वापरतात?

उत्तर भिंतीत आहे. इथली घरं लाकडी सांगाड्याची आणि जिप्समच्या पातळ पत्र्यांची. आरपार गेलेली गोळी अशा दोन-तीन भिंती सहज पार करते. पलीकडे तुमचीच मुलगी झोपलेली असते किंवा शेजाऱ्याचा मुलगा. गोळी सुटल्यावर ती कुठे थांबेल, याची जबाबदारी सोडणाऱ्याचीच. हॉलो पॉइंट निवडण्याचं माझ्या लेखी हे पहिलं कारण, समोरच्याला जास्त इजा व्हावी हे नव्हे. अर्थात नेम चुकला तर हीसुद्धा भिंतीपलीकडे जातेच, तेव्हा नेमाला पर्याय नाही. शिवाय कायदा राज्यागणिक बदलतो. न्यू जर्सीत घराबाहेर या गोळ्यांवर कडक निर्बंध आहेत, ते आधी नीट वाचावे.

आता वाद कॅलिबरचा. नऊ मिलिमीटर की पंचेचाळीस? या वादाला एक मोठी घटना कारण झाली. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयचे आठ एजंट आणि बँका लुटणारे दोघे यांच्यात गोळीबार झाला. दोन एजंट मेले, पाच जखमी झाले. एका दरोडेखोराला नऊ मिलिमीटरची गोळी दंडातून छातीत शिरली होती, पण हृदयापाशी पोचण्याआधीच थांबली, आणि तो लढतच राहिला. त्यानंतर एफबीआयने गोळ्या तपासायची पद्धत बसवली. जिलेटिनच्या ठोकळ्यात, वर कपड्यांचे थर ठेवूनही, गोळी १२ ते १८ इंच शिरली पाहिजे. कमी शिरली तर उपयोग नाही, जास्त शिरली तर धोका. एफबीआय आधी दहा मिलिमीटरकडे, मग पॉइंट फोर्टीकडे गेली आणि २०१४ मध्ये त्यांच्याच प्रशिक्षण विभागाने पुन्हा नऊ मिलिमीटरच्या बाजूने कौल दिला. कारण दरम्यान गोळ्या सुधारल्या होत्या आणि कमी धक्क्याच्या पिस्तुलाने नेम जास्त चांगला लागतो. म्हणजे अंगणातला वाद जवळजवळ तीस वर्षांनी फिरून तिथेच आला! या कसोटीत उतरलेली कुठलीही नावाजलेली गोळी घ्या. त्यात फार डोकं शिणवू नका.

डोकं शिणवायचं ते पुढच्या गोष्टीत. ती गोळी *तुमच्या* पिस्तुलात चालते का? हॉलो पॉइंटचं तोंड बोथट असतं, आणि एखाद्या पिस्तुलात ते चेंबरमध्ये चढताना अडतं. डब्यावर कितीही छान लिहिलेलं असो, ज्या मॅगझिनमधून वापरणार त्यातूनच शे-दोनशे गोळ्या न अडता चालल्याशिवाय मी विश्वास ठेवत नाही. महाग पडतं, कबूल. २०२० नंतरच्या टंचाईत तर काडतुसं मिळतच नव्हती. पण पिस्तुलाला हजार डॉलर देणाऱ्याने या खर्चाला कुरकुरू नये.

आणि मग येते निगा. इथे बहुतेकांचा कंटाळा सुरू होतो. रोज रात्री काडतूस बाहेर काढायचं आणि सकाळी तेच पुन्हा चेंबरमध्ये चढवायचं, असं केलं की दर वेळी गोळीच्या नाकावर आघात होतो. हळूहळू गोळी पुंगळीत आत सरकते. आतली जागा कमी होते, आणि बार उडाला की दाब धोकादायक वाढू शकतो. म्हणून तेच तेच काडतूस पुन्हा चढवू नये. नव्या डब्यातल्या काडतुसाशेजारी उभं करून बघावं, बुटकं दिसलं तर बाजूला काढावं. पिस्तुलाला तेल देताना काडतुसं दूर ठेवावीत, कारण झिरपणारं तेल प्रायमरपर्यंत पोचलं तर तो निकामी होऊ शकतो. टेक्ससच्या उन्हाळ्यात गाडीच्या कप्प्यात डबा ठेवू नये. थंड, कोरड्या जागी काडतुसं कित्येक वर्षं टिकतात. कमरेवर घामात, धुळीत वावरणारी तशी टिकतीलच असं नाही.

यासाठी आपल्याकडे एक आयती तारीख आहे, खंडेनवमी. त्या दिवशी शस्त्रं पुसून पूजायची रीत आहेच. हळदकुंकू जरूर वाहा, पण त्याच आठवड्यात रेंजवर जाऊन वर्षभर बाळगलेल्या गोळ्या झाडून टाका आणि नव्या भरा. जुन्या चालतात का तेही कळतं, हातालाही सवय राहते. एखादी उडाली नाही, तर नळी समोर धरून निदान तीस सेकंद थांबा, बार उशिरा उडू शकतो. खऱ्या प्रसंगात तेवढा वेळ नसतो. तिथे मॅगझिनला खालून थाप, स्लाइड मागे आणि पुढे. हे हाताला न विचारता यायला हवं.

१ सप्टेंबर २०२१ पासून टेक्ससमध्ये २१ वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र न ठरलेल्या माणसाला पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही. परवाना हवा असेल तर अजून मिळतो, पण वर्ग आणि नेमबाजीची परीक्षा आता सक्तीची राहिली नाही. स्वातंत्र्य वाढलं, छानच. पण सरकारने विचारायचं सोडलं म्हणून प्रश्न संपत नाही, तो आपणच आपल्याला विचारायचा असतो.

माझं मत विचाराल तर ते कोणाला आवडणार नाही. भरवसा दुकानात मिळत नाही. तो पुसण्यात, मोजण्यात, तपासण्यात आणि कुलपात ठेवण्यात असतो. ज्याला या कंटाळवाण्या कामाचा कंटाळा आहे, त्याने सरळ पिस्तूल घेऊ नये. दाराला चांगलं कुलूप लावावं, कुत्रा पाळावा, ९११ पाठ असावा. त्यात कमीपणा काही नाही. न तपासलेलं काडतूस कमरेला लावून स्वतःला सुरक्षित समजणं मात्र त्याहून धोक्याचं आहे.