मुलींना सात, मुलांना अकरा

गावात वेडे मोकाट सुटले आणि हैदोस घालू लागले, तर कोंडायचं कुणाला? वेड्यांना की शहाण्यांना?

अशा अर्थाचा हा प्रश्न १९०५ सालचा आहे. बेगम रोकेया यांच्या ‘सुलतानाज ड्रीम’ या कथेतला. शाळेत कधी न गेलेली पंचविशीची बंगाली बाई, नवऱ्याच्या नोकरीमुळे भागलपुरात राहणारी. तिने कथा लिहिली थेट इंग्रजीत आणि ती मद्रासच्या बायकांच्या मासिकात छापून आली.

कथेतल्या देशात पुरुष पडद्याआड आणि राज्य बायकांचं. उन्हाच्या उष्णतेवर स्वयंपाक, ढगांतून ओढलेलं पाणी, उडणारी वाहनं. सगळे याचंच कौतुक करतात. मला चिरुटाचा हिशोब जास्त आवडतो: एक चिरूट अर्धा तास, दिवसाला बारा, म्हणजे साहेबांचे सहा तास धुरातच! (सरकारी कचेरीत खेटे घातलेल्यांना वेगळं सांगायला नको.) बायका तेच काम दोन तासांत उरकतात.

पण सगळ्यात मोठी कल्पना वेगळीच आहे. बाई भर रस्त्यातून न घाबरता चालते, ही. सोलर कुकर आले, विमानं आली. हे मात्र राहिलंच.

आमच्या गावच्या अभ्यासिकेत मुलांना रात्री अकरापर्यंत बसता येतं, मुलींना सातपर्यंत. मध्यंतरी बाहेर छेडछाड झाली म्हणून. छेडणारे कोण, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ते अजून त्याच टपरीवर उभे असतात. ‘ताई, मुलींच्या काळजीपोटीच केलंय,’ म्हणतात. असेलही. पण रोजचे चार तास गेले कुणाचे? स्पर्धा परीक्षेचा पेपर तर दोघांना एकच.

रोकेयांनी पुढे कलकत्त्यात मुलींची शाळा चालवली. पडदा हवा म्हणून शाळेची मोटार इतकी बंदिस्त केली की मुली आत बेशुद्ध पडायच्या. मग कापडी पडदे लावले, तर ते वाऱ्याने उडतात म्हणून तक्रारीची पत्रं! आख्खा देश उलटापालटा करणारी बाई मोटारीच्या पडद्यापाशी अडली.

आपल्याकडे काशीबाई कानिटकरांनीही ‘पालखीचा गोंडा’मध्ये संस्थानाचा कारभार बाईच्या हाती दिला होता. पुस्तक १९२८ चं. गावच्या वाचनालयात मिळतं का, शोधून बघा.

सोमवारी अभ्यासिकेच्या वेळेचा अर्ज घेऊन नगरपालिकेत जातेय. मुली येतीलच, बापांनीही यावं. मागणी एकच: वेळ सगळ्यांना सारखी. अकरा करा. नाहीतर मुलांनाही सात.