पोटासाठीं प्रवास आणि पायांचा हक्क

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके प्रवाशांचे तालुके आहेत. पहाटेच्या गाडीनें दौंडहून पुण्यास जाणारा कारकून, मनमाडच्या मार्गावर रात्र काढणारा रेल्वेचा गार्ड, घोडनदीच्या थांब्यावर रांजणगांवच्या कारखान्याची बस गांठणारा कामगार, कुरकुंभहून माल भरून परमुलखीं निघालेला ट्रकचालक, औषधांची पेटी घेऊन गांवोगांव फिरणारा विक्रेता. आपल्या शाळेंतील पुष्कळ विद्यार्थ्यांचे वडील, आणि हल्लीं कित्येकांच्या आयाही, यांपैकीं कोणी ना कोणी आहेत. हीं माणसें दिवसाकांठीं शंभर-दीडशें किलोमीटर हिंडतात. परंतु त्यांचे पाय मात्र हिंडत नाहींत. प्रवास वाढला आणि चालणें खुंटलें, असा हा विलक्षण प्रकार आहे. आमचें म्हणणें असें कीं, पोटासाठीं प्रवास करणाऱ्यानें उघड्या हवेंत रोज थोडें चालणें ही चैन समजूं नये. तो आपल्या कामाचाच एक भाग समजावा.

पूर्वीं हा प्रश्नच नव्हता, कारण प्रवास हाच व्यायाम होता. कोंकणांतील वरसईचे विष्णुभट गोडसे घरचें कर्ज फेडण्याकरितां दक्षिणा मिळवावी म्हणून १८५७ सालीं उत्तर हिंदुस्थानांत गेले. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ १९०७ सालीं प्रसिद्ध झाला, तो वाचला म्हणजे त्या काळीं चरितार्थासाठीं किती चालावें लागे याची कल्पना येते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनीं जुन्या दप्तरांच्या शोधांत खेडोपाडीं जी पायपीट केली, तिच्या बळावरच मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें उभीं राहिलीं. आपल्या दौंड तालुक्यांतून, यवत-वरवंडच्या वाटेनें, तुकोबांची पालखी दरवर्षीं पंढरीस जाते; तींत साठी उलटलेले शेतकरी तरुणांच्या बरोबरीनें चालतांना आपण पाहतोंच.

मग आगगाडी आली. १८७८ सालीं दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड हें मोठें जंक्शन बनलें. १९४८ सालच्या १ जून रोजीं एस. टी.ची पहिली गाडी अहमदनगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरहून, पुण्यास धांवली. तिची वाट शिरूरवरूनच होती. या सोयींमुळें आजारी माणूस वेळेवर इस्पितळांत पोंचूं लागला, खेड्यांतील मुलगी महाविद्यालयांत जाऊं लागली, शेतमालास दूरची पेठ मिळाली. तेव्हां ‘जुनें तें सोनें’ म्हणून या सुधारणेस नांवें ठेवण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. एवढेंच कीं, वाहनानें आमचे श्रम वांचविले, त्यांबरोबर शरीराची एक गरजही नकळत नेली. ती आतां आपणच भागविली पाहिजे.

ही गरज कल्पित नाहीं. लंडन शहरांत डॉ. जेरेमी मॉरिस आणि त्यांचे सहकारी यांनीं दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी केली आणि १९५३ सालीं ती प्रसिद्ध झाली. ड्रायव्हर दिवसभर बसून असे. कंडक्टर तिकिटें देण्यासाठीं दिवसाकांठीं पांचशें ते साडेसातशें पायऱ्या चढे. गाडी तीच, रस्ता तोच. परंतु हृदयविकाराचें प्रमाण कंडक्टरांत कमी आढळलें. पुढें याच मंडळींनीं गणवेशांचीं मापें तपासलीं, तेव्हां ड्रायव्हर नोकरीस लागतांनाच कमरेनें अधिक स्थूल असत, असेंही दिसून आलें. म्हणजे सर्वच फरक पायऱ्यांमुळें पडला असें म्हणतां येत नाहीं. परंतु त्यानंतर देशोदेशीं झालेल्या अभ्यासांनीं मुख्य गोष्ट पक्की केली आहे: चालत्या माणसाचें हृदय अधिक काळ साथ देतें, मधुमेह आणि रक्तदाब यांसही त्यानें आळा बसतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलेलें प्रमाण असें कीं, प्रौढ माणसानें आठवड्यांतून निदान १५० मिनिटें झपझप चालण्याएवढा व्यायाम करावा, आणि ५ ते १७ वर्षांच्या मुलांनीं रोज सरासरी ६० मिनिटें.

दीडशें मिनिटें म्हणजे आठवड्यांतील पांच दिवस अर्धा अर्धा तास. आणि तो अर्धा तासही सलग असावा असें नाहीं. दहा मिनिटांचे तीन तुकडे केले तरी चालतात. प्रवाशास असे तुकडे मिळत नाहींत असें नाहीं. मिळतात, पण ते बांकावर बसून जातात. लांब पल्ल्याच्या गाडीसाठीं बांधलेला फलाट सामान्यतः अर्धा किलोमीटरहून अधिक लांब असतो. त्यावरून एक येरझार घातली कीं किलोमीटरभर चाल झाली. गाडी उशिरा आहे असें कळल्यावर कपाळास हात लावण्यापेक्षां पायांस काम द्यावें. रनिंग रूममध्यें झोप पुरी झाल्यावर पुन्हां गाडीवर चढण्यापूर्वीं मोकळ्या हवेंत एक फेरी मारावी. विक्रेत्यानें मोटारसायकल गांवाच्या एका टोंकास उभी करून दुकानें पायींच करावींत. ट्रकचालकानें ढाब्याच्या अंगणांत जेवणानंतर दहा मिनिटें फिरावें. यांत पैशाचाही खर्च नाहीं.

आतां आक्षेपांकडे वळूं. दौंडचा वैशाखवणवा ज्यांनीं सोसला आहे, ते विचारतील कीं या उन्हांत चालावें कसें? त्यांनीं भर दुपारीं चालूंच नये. उन्हाळ्यांत सकाळची वेळ धरावी, पाणी जवळ ठेवावें. हमरस्त्याच्या कडेनें चालणें हा व्यायाम नव्हे, तें संकटास बोलावणें आहे. तेथें आवार, मैदान किंवा गांवांतील गल्ली बरी. घोड आणि भीमा यांच्या खोऱ्यांत उसाच्या फडांत बिबट्यांचा वावर आहे, आणि शिरूर तालुक्यानें त्याचे घाव सोसले आहेत. म्हणून अंधारांत, झुंजूमुंजूच्या वेळीं किंवा तिन्हीसांजेस, उसालगत कोणींही, विशेषतः लहान मुलांनीं, एकट्यानें जाऊं नये. स्त्रियांची अडचण तर याहून मोठी. कामावरून परतलेल्या बाईस घरची दुसरी पाळी करावी लागते, आणि अंधाऱ्या वाटेवर तिला एकटीनें फिरणें सुखाचें वाटत नाहीं. तेथें उपदेश करून भागत नाहीं. घरच्यांनीं कामाचा वांटा उचलावा आणि नगरपालिकेनें दिव्यांचा उजेड द्यावा, तरच तिचा अर्धा तास तिला मिळेल.

सर्वांत बळकट आक्षेप थकव्याचा. ‘दिवसभर गाडींत अंग आंबून गेलें, वर आणखी चालूं कसा?’ असें वडील म्हणतात, तें खोटें नाहीं. बारा तास कष्टणाऱ्यास आळशी म्हणणें हा अन्याय होय. परंतु बसून आलेला शीण आणि श्रमानें आलेला शीण यांत भेद आहे. पहिला नुसत्या पडून राहण्यानें पुरता जात नाहीं. हातपाय मोकळे केले म्हणजे तो बराच उतरतो. ज्यास खरोखर झोपेची भूक आहे, त्यानें आधीं झोपावें. चालणें दुसऱ्या दिवशींही करतां येतें. मालकांनींही हें ध्यानांत घ्यावें: चालकास पुरेशी विश्रांति आणि कामगारास सावलीची वाट दिली, तर त्यांत त्यांचाही तोटा नाहीं.

शिवाय उघड्या हवेंत चालणाऱ्यास आणखी एक लाभ होतो. ज्या मुलखांत तो भाकरी मिळवितो, तो मुलूख त्याच्या ओळखीचा होतो. हिंवाळ्यांत भिगवणजवळ उजनीच्या जलाशयांत रोहित पक्षी उतरतात. टाकळी हाजी आणि निघोज यांच्यामध्यें कुकडीच्या प्रवाहानें खडकांत रांजणासारखे खळगे कोरले आहेत. मोराची चिंचोली तर मोरांसाठींच प्रसिद्ध आहे. या वाटांनीं वीस वर्षें गाडी हांकूनही कित्येकांनीं हें पाहिलेलें नसतें. कांचेआडून नुसते मैलाचे दगड दिसतात.

विद्यार्थ्यांनो, वडील रात्रीं घरीं येतात तेव्हां ते थकलेले असतात, आणि तुम्ही त्यांना मोबाईलवर मान घालून बसलेले दिसतां. दोघांनाही चालण्याची गरज आहे. सुटीच्या दिवशीं सकाळीं त्यांच्याकडे खेळणें किंवा खाऊ मागूं नका. एक तासाची सोबत मागा. आईसही बोलवा, आणि तिचें काम आधीं वांटून घ्या. आणि पालकांनो, मुलानें असें मागितलें तर ‘पुढच्या आठवड्यांत’ असें म्हणूं नका. ज्यांच्यासाठीं आपण गांवोगांव धांवतों, त्यांना आपली कमाई हवी आहे, तसें आपलें निरोगी आयुष्यही हवें आहे.