थरथरीवर तार आवळणे हा उपाय नव्हे

छोट्या विमानाच्या दांड्याला थरथर जाणवली, की अनेकांचा हात आधी तारांकडे जातो. तार सैल असेल, दोन आटे आवळले की झाले! कसरती करणाऱ्या द्विपंखी विमानाच्या बाबतीत ही सवय जिवावर बेतू शकते. तार आवळल्याने थरथर थांबली असे वाटते. प्रत्यक्षात ती अनेकदा आणखी वरच्या वेगावर सरकलेली असते. आणि कसरतीत विमान नाक खाली करून तो वेग हमखास गाठते.

मिरकरवाड्यातल्या तांडेलाला हे वेगळे सांगावे लागत नाही. सुकाणू थरथरू लागले, की तो आधी बुश झिजला का, दांडा वाकला का ते बघतो. पण बोटीचे इंजिन मंद करून बंदरात परतता येते. हवेत तेवढी सवड मिळेलच असे नाही. सुकाणू किंवा पंखाच्या टोकाकडचे एलेरॉन बिजागरीभोवती हलू लागले आणि त्याच लयीत पंखही वाकू लागला, तर प्रत्येक झोक्याला वारा आणखी ऊर्जा पुरवतो. झोका वाढतच जातो, आणि एखाद-दोन सेकंदांत भाग तुटू शकतो. यालाच फ्लटर म्हणतात.

हे दुखणे जुने आहे. 1916 मध्ये इंग्लंडच्या हँडली पेज बाँबफेकी विमानाची शेपटी जोरात थरथरू लागली. दोन्ही बाजूंचे एलेव्हेटर एकमेकांच्या उलट हलू शकत होते. लँचेस्टर यांनी ते मजबूत नळीने एकत्र जोडायला सुचवले. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते पुस मॉथ विमानातून. त्याच जातीची काही विमाने त्या काळात हवेतच मोडली होती. पुढे पंखाच्या टेकूला जादा आधार देण्यात आला.

म्हणून आधी निदान. इंजिनाची थरथर आणि वाऱ्याची थरथर यांत फरक करायला सोपी युक्ती आहे: वेग तोच ठेवून थ्रॉटल कमी-जास्त करायचा. थरथर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलली तर संशय पंख्यावर किंवा इंजिनाच्या बैठकीवर. ती वेगाशीच बांधलेली असेल तर हळूवार वेग कमी करून उतरायचे, आणि कोणत्या वेगाला, कोणत्या दांड्यात काय जाणवले ते लिहून ठेवायचे. ‘कुठेतरी हलत होते’ एवढ्या वर्णनावर मेकॅनिकने काय शोधायचे?

जमिनीवर आल्यावर बिजागऱ्या, टोकाच्या टॅबचा खुळखुळा, वरच्या-खालच्या एलेरॉनना जोडणारा दांडा आणि पंखांमधल्या ताणतारा तपासायच्या. खरा चोर मात्र बहुधा वजनात असतो. बिजागरीच्या पुढे बसवलेले तोलाचे वजन सैल झाले, किंवा मागच्या कडेला कापडाचे ठिगळ आणि रंगाचा आणखी एक थर चढला, की तोल मागे जातो. रंगकाम झाले आणि तोल तपासलाच नाही, हे सर्रास घडते. त्यात मालकाची घाईही असते.

कोकणात त्यात आणखी भर पडते. रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दल सांभाळते. तिथल्यासारख्या खाऱ्या, दमट हवेत विमान उभे राहिले की कप्पीखाली दडलेली तार गंजते. पाणी निचरायचे छिद्र बुजले तर पावसाचे पाणी मागच्या कडेत साठते आणि तोल पुन्हा बिघडतो. ढालगज वाटणारी ही छिद्रे आवळलेल्या तारेपेक्षा जास्त महत्त्वाची आहेत. पावसाळ्यानंतर पहिल्या उड्डाणाआधी ती काडीने मोकळी करायला पाच मिनिटे लागतात. तोल तपासायला मात्र भाग उतरवून बिजागरीच्या रेषेवर टेकवावा लागतो, त्यात अर्धा दिवस जातो. हा खर्च नको म्हणणाऱ्या मालकाला मेकॅनिकने सरळ नकार द्यावा.

दुरुस्तीनंतरही लगेच कसरत नको. पुरेशा उंचीवर, पॅराशूट बांधून, वेग थोडा-थोडा वाढवत जायचे आणि पहिल्या कंपनाला परत फिरायचे.