आम्ही बडोद्यात, नोंदीत अजून अमेरिकेत

मंडळी, परवा दांडिया बाजारात एका मुंजीला गेलो होतो. पंगतीत विषय निघाला अमेरिकेच्या व्हिसाचा. शेजारचे गृहस्थ श्रीखंड वाढून घेत म्हणाले, "अहो, ज्याचे कागद चोख त्याला कसली भीती? नाकारला म्हणजे काहीतरी केलंच असणार." यजमान जवळचे, म्हणून तिथे गप्प बसलो. इथे बसणार नाही.

२०१८ साली आम्ही दोघं मुलीकडे न्यू जर्सीला गेलो. ७ मेला उतरलो, ६ नोव्हेंबरपर्यंत राहायची परवानगी मिळाली. आमच्याकडे घट बसतात, त्यामुळे हिने आधीच बजावलं होतं, नवरात्राच्या आत घरी. ८ ऑक्टोबरला बडोद्यात होतो, १० तारखेला घट बसले. मुदतीला जवळजवळ महिना बाकी होता.

२०२३ मध्ये मुलीचं दुसरं बाळंतपण आलं. जुना व्हिसा संपलेला. मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत जीव मेटाकुटीला आला. काचेपलीकडच्या अधिकाऱ्याने संगणकात पाहून विचारलं, "मागच्या वेळी अमेरिका कधी सोडलीत?" सांगितलं. तर म्हणे, "आमच्याकडे तशी नोंद नाही. तुम्ही मुदतीपेक्षा जास्त राहिलात." मी त्याच्यासमोर भारतात उभा, आणि त्याच्या संगणकात अजून न्यू जर्सीत! जुन्या पासपोर्टवरचा मुंबईला उतरल्याचा शिक्का काचेला लावून दाखवला. त्याने मान वर केली नाही.

आणि हिची नोंद मात्र बरोबर. एकाच विमानात शेजारच्या खुर्चीत बसून बायको परतली आणि नवरा तिकडेच राहिला! हिला व्हिसा मिळाला, पण गुडघ्यांमुळे एकटीने जाणं शक्य नव्हतं. नातीचं बारसं आम्ही फोनवर पाहिलं. कानात नाव सांगितलेलं ऐकूही आलं नाही, आवाज तुटत होता.

आता हे होतं कसं, ते ऐका. अमेरिकेत शिरताना बोटांचे ठसे घेतात, फोटो काढतात, पूर्वी पासपोर्टवर शिक्काही बसायचा. निघताना? आपल्याकडे असतो तसा शिक्का मारणारा माणूसच तिथे नाही. पूर्वी आय-९४ नावाचं पांढरं कार्ड पासपोर्टला टाचून द्यायचे, परतताना विमान कंपनी ते काढून घ्यायची. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांसाठी तेही बंद. आता विमान कंपनीने पाठवलेल्या प्रवाशांच्या यादीतलं नाव तुमच्या येण्याच्या नोंदीशी जुळलं, तर तुम्ही गेलात. माझ्या तिकिटावर माझं आणि वडिलांचं नाव एकमेकाला चिकटवून छापलं होतं. त्यातच घोटाळा झाला असावा, असा जावईबापूंचा अंदाज. अधिकृत कारण आजतागायत कोणी सांगितलेलं नाही.

आणि शिक्षा केवढी! मुदतीपुढे एक दिवस राहिलात तरी तो व्हिसा रद्द. १८० दिवसांवर गेलात तर ३ वर्षं बंदी, वर्षभर राहिलात तर १०. त्यांच्याच सरकारच्या वार्षिक अहवालात नोंद न जुळलेल्यांना 'संशयित' म्हटलेलं असतं. खिडकीपाशी येईपर्यंत तो शब्द गळून पडतो.

"देश त्यांचा, नियम त्यांचे," असं म्हणणारे भेटतात. मान्य, शंभर टक्के मान्य! पण मी नियम पाळला, नोंद त्यांनी चुकवली, आणि पुरावा मी शोधायचा? तोही पाच वर्षांनी?

बोर्डिंग पास तर उतरल्याबरोबर कचऱ्यात गेला होता. मग आजोबांची पेटी उघडली. सयाजीराव महाराजांच्या काळचा त्यांचा नेमणुकीचा हुकूम आम्ही अजून जपलाय, मुलं हसतात त्याला. त्याच पेटीत माझी फाईल. मी रेल्वेचा पेन्शनर, दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. २ नोव्हेंबर २०१८ ला रावपुऱ्यात बँकेत स्वतः उभं राहून सही केली होती, त्याची शिक्का मारलेली पोच सापडली. दरवर्षी 'मी जिवंत आहे' हे सिद्ध करायचा मला राग यायचा. त्याच कागदाने मी बडोद्यात होतो हे सिद्ध झालं. सोबत पासबुकाची पानं आणि शिक्क्याच्या पानाची प्रत. मुलीने सगळं पाठवलं. आठ महिन्यांनी पुन्हा मुलाखत, दोन मिनिटांत व्हिसा. ना पत्र, ना 'चूक झाली' हा शब्द. आम्ही पोचलो तेव्हा नात चालायला लागली होती, आणि मला बघून रडली.

मंडळी, आय-९४ च्या सरकारी संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक टाकला की येण्याजाण्याच्या तारखा दिसतात. परत आल्यावर महिन्याभरात बघा. जाण्याची तारीख नसेल तर कागद ताजे असतानाच मागे लागा.

पंगतीतले ते गृहस्थ उन्हाळ्यात मुलाकडे डॅलसला निघालेत म्हणे. बोर्डिंग पास फेकू नका, एवढा निरोप त्यांना कोणीतरी पोचवा.