‘बोडकी’ या शब्दाची सावली

पुरुषाला ‘टक्कल’ पडते. स्त्रीचे केस गेले, की आपली भाषा ‘बोडकी’ हा वैधव्याचा शब्द पुढे करते. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या केशवपनास नकार दिला. पुढे वस्तरा थांबला, शब्द मात्र उरला. ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या बीड जिल्ह्यातही बाळंतपण, ताप, रक्तक्षय यांनी केस गळतात आणि स्त्री ते पदराआड झाकते. बाळंतपणानंतरची गळती बहुधा काही महिन्यांत थांबते. रक्तक्षय, थायरॉईडचे विकार तपासणीत कळतात, त्यांवर उपचार आहेत. पण त्यासाठी आधी लाज सुटावी लागते. म्हणून हा शब्द शिकवताना त्याचा इतिहासही सांगणे, हे आम्हां मराठीच्या अध्यापकांचे कर्तव्य आहे, असे आम्ही मानतो.